ब्लॅकहॉकची नवी मूठ: सहावा शनिवार

सांधा बसला. डाव्या कानामागची (कान म्हणजे हॅमरच्या, म्हणजे घोड्याच्या, दोन्ही बाजूंना वर येणारी ग्रिप फ्रेमची टोकं) केसभर फट सोडली तर आज रिव्हॉल्व्हरची मुख्य फ्रेम आणि नवी ग्रिप फ्रेम, म्हणजे मुठीचा सांगाडा, यांच्यामधून टॉर्चचा उजेड कुठेच येत नाही. एवढ्यासाठी पाच शनिवार गेले, पण आता खऱ्या आकाराला हात घालता येईल.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: रिव्हॉल्व्हर आहे रुगर कंपनीची न्यू मॉडेल ब्लॅकहॉक, .३५७ मॅग्नम काडतुसाची. कंपनीची ॲल्युमिनियमची ग्रिप फ्रेम काढून तिथे पोलादी ओतीव फ्रेम बसवतोय. पोलाद जवळपास तिप्पट जड, त्यामुळे वजन मुठीकडे येतं, आणि ॲल्युमिनियमवर न होणारं ब्लूइंगही (पोलादावर रसायनाने चढवलेला निळा-काळा थर) करता येतं. ओतीव फ्रेम मुद्दाम थोडी मोठी येते. कडा आपण कानशीने मुख्य फ्रेमला मिळवून घ्यायच्या. इथे ॲरिझोनात हे घरच्या गॅरेजमध्ये करता येतं. भारतात परवान्याशिवाय शस्त्राची दुरुस्ती किंवा फेरफार शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे गुन्हा आहे, तेव्हा तिकडच्या मित्रांनी हे फक्त वाचावं.

तिसऱ्या शनिवारची चूक नीट सांगतो, कारण ती कुणाच्याही हातून होईल. ही फ्रेम पाच स्क्रूंवर बसते: हॅमरच्या दोन्ही बाजूंना एकेक, ट्रिगर गार्डच्या (चापाभोवतीच्या कडीच्या) पुढे एक, मागे दोन. मी मागचे दोन आधी करकचून आवळले. पुढच्या टोकाला पोस्टकार्ड सरकेल एवढी फट पडली. मला वाटलं, कानांची बैठक उंच आहे, म्हणून तिथे कानस मारली. खरा उंचवटा मधे होता, गार्डच्या मागच्या बैठकीवर, आणि त्याच्यावर अख्खी फ्रेम तराफ्यासारखी डुलत होती. मुख्य फ्रेमला निळी शाई लावून दाबून बघितलं असतं तर तो ठिपका पहिल्याच दाबात उमटला असता. डाव्या कानाची फट ही त्या दिवसाची खूण.

आता क्रम असा. शाई लावायची, पाचही स्क्रू बोटाने बसतील तेवढेच फिरवायचे, मग आळीपाळीने प्रत्येकाला पाव फेरा. काढायचं, जिथे शाई लागली तेवढंच घासायचं, पुन्हा बसवायचं. गेल्या शनिवारी हे एकोणीस वेळा केलं. प्रत्येक वेळी आधी सिलिंडर काढून बाजूला, आणि मेनस्प्रिंगच्या (हॅमर ढकलणाऱ्या स्प्रिंगच्या) दांडीच्या भोकात पिन, म्हणजे दाबलेली स्प्रिंग तिथेच राहते. सिलिंडर फिरवणाऱ्या पॉलची इवलीशी स्प्रिंग आणि तिचा प्लंजर (छोटी खिळी) मात्र फ्रेम सुटली की हमखास पडतात. खाली पांढरा टॉवेल अंथरा. काळ्या फरशीवर मी अर्धा तास गुडघ्यांवर होतो.

आज आकार सुरू केला. १८७३ च्या कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी रिव्हॉल्व्हरची (सिंगल ॲक्शन म्हणजे दर गोळीआधी हॅमर हाताने ओढायचा) मूठ मुळात १८५१ च्या नेव्ही रिव्हॉल्व्हरची. अमेरिकन लोक तिला नांगराच्या मुठीचं नाव देतात. माझे आजोबा रुमण्यावर तळवा कसा टेकवायचे ते आठवलं की हे नाव पटतं: हात आवळलेला नाही, नुसता वरून बसलेला. गोळी सुटली की ही मूठ तळव्यात वर लोळते, धक्का थेट मनगटात जात नाही. पण भारी काडतुसांत लोळताना गार्डची मागची बाजू मधल्या बोटाच्या पेरावर आपटते. कोल्टने १८९४ मध्ये आणलेल्या बिसली रिव्हॉल्व्हरची मूठ मागे उंच चढते, म्हणून लोळणं कमी होतं. एल्मर कीथ या अमेरिकन बंदूकलेखकाने आपल्या 'नंबर ५' रिव्हॉल्व्हरमध्ये बिसलीचा मागचा पट्टा आणि जुन्या आर्मीचा गार्ड एकत्र केला. माझ्या मते सिंगल ॲक्शनला यापेक्षा शहाणी मूठ कुणी दिली नाही.

मी तेवढ्या लांब जात नाही. गार्डच्या मागे पेरासाठी जागा काढतोय, आतापर्यंत साधारण १ मिलिमीटर, अजून अर्धा बाकी. यापुढे जाणार नाही, कारण तिथे स्क्रूची भोकं आहेत आणि भिंत पातळ करायची नाही. अर्धगोल कानशीला आधी खडू घासतो, म्हणजे किस दातांत अडकून ओरखडे पडत नाहीत. चार हात मारले की कानस खाली ठेवून डोळे मिटून मूठ धरतो. डोळ्यांना गुळगुळीत दिसलेली कड आज दोनदा बोटाला टोचली.

बाहेरच्या कडांना मुख्य फ्रेमच्या रेषेपर्यंत पूर्ण नेलेलं नाही. शाईवर सुईने रेघ ओढून तिच्या अलीकडे थांबलोय. जोडलेल्या अवस्थेत घासलं तर मुख्य फ्रेमचं ब्लूइंग जाईल, म्हणून शेवटचा हात टेप लावून, दगडाने.

जोडून रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा हॅमर हळूहळू सहा वेळा ओढला. सिलिंडर सहाही घरांत कुलपासारखा बसला, ट्रिगर स्प्रिंगचे दोन्ही पाय पिनवर आहेत. पण हॅमर उजव्या कानाला आतून किंचित घासतोय, चकाकी आलेली दिसते. पुढच्या शनिवारी आधी ते, मग ३२० चा पॉलिश पेपर. लाकूड अक्रोडाचं घेतलंय. फ्रेमचा आकार पक्का झाल्याशिवाय त्याला करवत लावणार नाही.