लाईट घेतलेली मान

जानेवारीची सुरुवात होती आणि सोलापुरात गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेची, लगबग. सोनोग्राफीच्या यादीत शेवटचं नाव साठीतल्या एका काकांचं. नेत्रतज्ज्ञांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'डाव्या डोळ्यासमोर अंधारी, पाच मिनिटांत पूर्ववत. डोळा ठीक. मानेचा डॉप्लर करावा.' डॉप्लर म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. अशी चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. डोळ्यात काही सापडलं नाही की पुष्कळदा विषय तिथंच संपतो.

जेल लावतानाच हाताला कळलं. डावी बाजू टणक, कातडी काळपट आणि ताणलेली, दाढीचा एक केस नाही.

"काका, इथं लाईट घेतली होती का?" कॅन्सरवर देतात त्या रेडिएशनला इकडं लाईट म्हणतात.

"हो की ओ मॅडम. गालाचं ऑपरेशन झालं, मग सहा आठवडे लाईट. अकरा वर्षं झाली. तंबाखू तवाच सोडली."

काकू खुर्चीतून उठल्याच. "परत आलं का ओ?"

परत आलं नव्हतं. पण कॉमन कॅरोटिड, म्हणजे मानेतून मेंदूकडे जाणारी मोठी धमनी, खालपासून वरपर्यंत जाड झाली होती. बीपी-शुगरवाल्यांमध्ये अडथळा बहुधा धमनीला दोन फाटे फुटतात तिथं बसतो. किरणांमुळे आलेला असा लांबवर पसरतो. वर मेंदूकडच्या फाट्यात रक्ताचा वेग सेकंदाला ३१० सेंटीमीटर. तो १२५ च्या आत हवा. २३० च्या पुढे गेला की धमनी ७० टक्क्यांहून जास्त अरुंद झाली असं धरतात. तिथूनच एखादा कण सुटून डोळ्याच्या वाहिनीत क्षणभर अडकला असणार.

ऑपरेशननंतर किरणांचा साधारण ६० ग्रे डोस दिला जातो, रोज २ ग्रे. ग्रे हे किरण मोजायचं एकक. मानेतल्या गाठींवर पडणारे किरण धमनीवरही पडतात. आतलं अस्तर दुखावतं, भिंतीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या बंद पडतात, आणि वर्षानुवर्षं तिथं चरबी नि चट्टे साठत जातात. काकूंना मी बोअरच्या पाण्यानं पाइपात धरणाऱ्या क्षारांचं उदाहरण दिलं, ते त्यांना लगेच पटलं. लाईट चुकीची नव्हती, तिच्यामुळेच काका आज समोर बसलेत, हेही सांगितलं. मला खटकतं ते पुढचं. पाच वर्षं गाठ आली नाही की पेशंट येणं थांबवतो, आणि धमनीचा त्रास नेमका त्यानंतरच डोकं वर काढतो. मानेला लाईट घेतलेल्यांचं बीपी, कोलेस्टेरॉल आणि अधूनमधून डॉप्लर कुणीतरी बघत राहायलाच हवं.

"गड्डा तोंडावर आलाय, नंदीध्वजांची मिरवणूक झाल्यावर बघू की," काका म्हणाले.

"नाही काका. डोळ्याला आलेली अंधारी हा इशारा आहे. लकव्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो."

त्यांच्यासमोरच न्यूरोलॉजिस्टना फोन लावला. त्याच संध्याकाळी काका भरती झाले, मुलगा कारखान्यातून थेट तिकडेच गेला. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन सुरू झालं, सीटी अँजिओत, म्हणजे धमन्यांच्या सीटी स्कॅनमध्ये, तोच अडथळा दिसला. चिकटलेल्या, गालाच्या ऑपरेशनवेळी एकदा कापलेल्या मानेत पुन्हा चीर देणं अवघड, मज्जातंतूंना इजा व्हायची भीती. म्हणून जांघेतून तार नेऊन स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवला. लाईट घेतलेल्या धमनीत स्टेंटही पुन्हा अरुंद होण्याची शक्यता जास्त असते. उजवी बाजूही निम्मी भरलेली आहे. म्हणून काकूंच्या हातात पुढच्या डॉप्लरची तारीख लिहून दिली आहे.