डावीकडून आलेला हिरवा प्रकाश

नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहरातून निघालेलं आमचं एम्ब्रेअर १७५ विमान न्यू जर्सीतल्या नेवार्क विमानतळाच्या 'फोर राइट' धावपट्टीकडे उतरत होतं. डिसेंबर २०२४ चा दुसरा आठवडा, संध्याकाळचे साडेसात, हवा स्वच्छ. डाव्या सीटवर कॅप्टन, विमान त्याच्या हातात. उजवीकडे मी, रेडिओ माझ्याकडे. मागे सत्तरेक प्रवासी.

विमानतळाची रेकॉर्ड केलेली माहिती ऐकली, तेव्हा वारा आणि दृश्यतेनंतर लेसरचा इशारा होता: खालून कुणीतरी विमानांवर लेसर मारतंय. कोणी तक्रार केली की तासभर तो त्या माहितीत राहतो. त्या आठवड्यात मी तो दुसऱ्यांदा ऐकत होते.

वुडब्रिजवर आलो तेव्हा उंची अठ्ठावीसशे फुटांच्या आसपास होती. चाकं अजून सोडायची होती. डावीकडे इझेलिनचे दिवे, त्यापलीकडे एडिसन. तिथं माझं घर आहे.

आणि अचानक डावी काच हिरवी झाली. कडेपासून कडेपर्यंत, अख्खी. बाहेरची गावं, धावपट्टीचे दिवे, सगळं त्या हिरव्यात बुडालं.

"लेसर. युवर कंट्रोल्स," कॅप्टन मान फिरवत म्हणाला. म्हणजे विमान आता मी सांभाळायचं.

"माय कंट्रोल्स." मी नजर खाली पॅनेलवर खिळवली. ऑटोपायलट चालू होता, तसाच ठेवला. कॉकपिटमधले दिवे वाढवले. बाहेर बघायचं नाही, प्रकाश कुठून येतोय ते शोधायचं नाही, हे प्रशिक्षणात घोकून घेतलेलं असतं. तरी मान तिकडे वळू पाहते. प्रकाश गेला, परत आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. खाली कुणीतरी नेम धरत होतं.

कॅप्टनने डोळ्यांवर हात आडवा धरून रेडिओ घेतला आणि कंट्रोलरला उंची, जागा, रंग, दिशा सांगितली. त्याचा दुसरा हात डोळ्याकडे जाताना दिसला. "चोळू नकोस," मी म्हणाले. चोळलं तर बुबुळाला इजा होण्याची भीती असते.

पुन्हा वर जायचं का, असा विचार एक क्षण आला. पण गेलो असतो तर परत त्याच घरांवरून यावं लागलं असतं. विमान स्थिर होतं, मला नीट दिसत होतं. चाकं सोडली, पाचशे फुटांवर ऑटोपायलट काढला आणि उतरवलं. टॅक्सी करताना कॅप्टन शांतपणे म्हणाला, "जिथं बघतो तिथं मधोमध जांभळा डाग दिसतोय."

मी मूळची नाशिकची. रात्री कसारा घाटात समोरून ट्रक अप्पर मारत आला की काय होतं, ते मला ठाऊक आहे. पण घाटात ब्रेक दाबता येतो. विमानात डोळे दिपलेल्या त्या काही सेकंदांतही आपण पुढेच जात असतो, खालीच येत असतो.

गेटवर पोलिसांनी जबाब घेतला, मी लेसरचा फॉर्म भरला. कॅप्टनला नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं. दृष्टिपटल शाबूत होतं, पण काही दिवस त्याला उडू दिलं नाही. लेसर मारणारा सापडला नाही.

नोव्हेंबरच्या मध्यापासून न्यू जर्सीतल्या मॉरिस काउंटीत ड्रोन दिसल्याच्या बातम्या सुरू झाल्या होत्या आणि अख्खं राज्य रात्री आकाशाकडे बघत होतं. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. डोक्यावर काय उडतंय हे कोणी नीट सांगत नसेल, तर माणूस घाबरणारच. पण ड्रोन समजून विमानांवरच लेसर रोखले जात होते आणि त्या भीतीचा मार आम्हाला बसत होता. डिसेंबरच्या पहिल्या दोन आठवड्यांत न्यू जर्सीच्या आकाशात लेसरच्या ५९ तक्रारी झाल्या. आदल्या वर्षी त्याच दिवसांत १६ होत्या. १६ तारखेला केंद्रीय यंत्रणांनी सांगितलं, की दिसलेल्या गोष्टींत कायदेशीर ड्रोन आहेत, तशीच विमानं, हेलिकॉप्टरं आणि चक्क तारेही आहेत.

आमच्यावर लेसर पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारचे काका मागच्या अंगणात दुर्बीण घेऊन उभे होते.

"अगं, तो बघ. पाच मिनिटं एका जागी उभा आहे. लाल दिवा, हिरवा दिवा. विमान असं उभं राहतं का?"

"काका, आपल्याकडे तोंड करून येणारं विमान उभंच वाटतं. लाल दिवा डाव्या पंखाला, हिरवा उजव्या. सगळ्या विमानांना तसाच असतो." आकाशातली विमानं नकाशावर दाखवणारं फ्लाइटरडार ॲप उघडून फोन त्यांच्या हातात दिला. पडद्यावरचं पिवळं विमान आणि आकाशातला दिवा एकाच दिशेला होते. ते शिकागोहून येत होतं. थोड्या वेळाने आकाशातला दिवा वळला आणि पाठोपाठ पडद्यावरचं विमानही वळलं. काकांनी दुर्बीण खाली घेतली.

मग मी कालचं सांगितलं.

"पण एवढ्याशा पेनाचा उजेड तिथवर पोचतो?"

"पोचतो, आणि वाटेत पसरतो. इथं ठिपका असतो, किलोमीटरभर दूर तो मीटरभर रुंद होतो. आमच्या काचेवरच्या बारीक ओरखड्यांवर तो फुटतो, की सगळी काच उजळते." पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, हेही सांगितलं.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मागच्या गल्लीतल्या मुलांकडे हिरवा लेसर आहे. मीच म्हणालो त्यांना, मारा, बघू हलतंय का."

"कधी?"

"रविवारी. का काल... नाही गं आठवत." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "त्या कॅप्टनचे डोळे कसे आहेत?"

बरे आहेत, असं मी सांगितलं.

"थांब, कोट घालून येतो," ते म्हणाले. "त्या मुलांच्या घरी जाऊ. तू चल माझ्याबरोबर."