नथ धूसर, कुड्या शार्प

नाशकात कुणाच्या माळ्यावर लाकडी कॅमेरा सापडला की तो फाळक्यांच्या काळातला ठरवून लोक मोकळे होतात. दादासाहेब १८७० साली इथंच त्र्यंबकेश्वरला जन्मले, सिनेमाच्या आधी फोटोग्राफीही करायचे, तेव्हा लोकांशी वाद तरी काय घालणार! रविवार कारंजाजवळ माझं कॅमेरे दुरुस्तीचं टेबल आहे. तिथं एक मुलगा असाच हाफ प्लेट कॅमेरा घेऊन आला. सागवानी, पितळी पट्ट्यांचा, भाता अजून शाबूत. आजोबांचा स्टुडिओ होता म्हणाला. आता आजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं आणि तिचा फोटो याच कॅमेऱ्यानं काढायचा होता.

कॅमेरा काचेच्या प्लेटचा. पावणेपाच बाय साडेसहा इंचांची, साधारण दीड मिमी जाडीची प्लेट डार्क स्लाइडमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यामागे लावायच्या उजेडबंद चौकटीत, बसते आणि मागची स्प्रिंग तिला पुढच्या खाचेवर दाबून धरते. फिल्मची जाडी जेमतेम ०.२ मिमी. ती नुसतीच आत ठेवली तर मध्ये फुगते, कोपरे सुटतात. यावरचा इलाज जुनाच आहे, प्लेट सुटून फिल्म आली तेव्हाचा. प्लेटच्या मापाचा पातळ पत्रा घ्यायचा, तीन कडा आत दुमडायच्या आणि चौथ्या बाजूनं फिल्म सरकवायची. याला शीथ म्हणतात. स्लाइडला वाटतं प्लेटच आली.

शीथ मी तांबट आळीतून करून घेतो. तिथला माझा कारागीर घंगाळं ठोकणारा माणूस, ३० गेजच्या म्हणजे ०.३ मिमीच्या पितळी पत्र्याला तो 'कागद' म्हणतो. पण दुमड अशी काढतो की फिल्म ना अडकते ना हलते. वरून काळा मॅट रंग मी मारतो. जाडी भरून काढायला पाठीमागे पुठ्ठा. फिल्म एक्स-रेची, आठ बाय दहाच्या एका शीटमधून दोन हाफ प्लेट निघतात. हिरव्यापर्यंतच संवेदनशील असल्यामुळं ती लाल दिव्यात कापता येते. तिच्या दोन्ही बाजूंना इमल्शन, म्हणजे उजेड टिपणारा थर, असतो, नख लागलं तरी ओरखडा उठतो, म्हणून कापताना हातमोजे घालायचेच.

सराफ बाजाराजवळच्या त्यांच्या वाड्यात आजींना खिडकीपाशी बसवलं. नऊवारी, नथ, मोत्याच्या कुड्या. उजेड कमी, म्हणून ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, मोठं, ५.६ वर. लेन्स आठ इंची, आजी दोन मीटरवर. काळ्या कापडाखाली डोकं घालून नथीच्या मोत्यावर फोकस लावला, लेन्सची टोपी काढली, एक सेकंद मोजून परत लावली.

संध्याकाळी लाल दिव्यात डेव्हलप केलं, मुलगाही शेजारी उभा होता. निगेटिव्ह पुसून भिंगाखाली धरली तर नथ धूसर, डोळे मऊ, आणि कुड्यांचा मोती न् मोती मोजून घ्यावा इतका शार्प.

"काका, तुमच्या पत्र्यामुळंच फोकस हलला असणार," मुलगा म्हणाला. त्यानं वाचलेलं होतं की शीथमध्ये फिल्म थोडी मागे जाते. खरंच आहे ते. दुमडीच्या जाडीइतकी, ०.३ मिमी, ती मागे जाते. पण फिल्म मागे गेली की लेन्सपासूनचं अंतर वाढतं आणि फोकस आपल्याकडे, जवळ येतो. गुन्हा शीथचा असता तर फोकस नथीच्याही पुढे आला असता. इथं तो कानांवर, आठेक सेंटीमीटर मागे पडला होता. म्हणजे फिल्म लेन्सच्या फार जवळ होती, किंवा ज्या काचेवर मी फोकस पाहिला ती फार मागे होती.

फोकस पाहायच्या त्या काचेवर, ग्राउंड ग्लासवर, कुणीतरी पेन्सिलीनं मधोमध फुली काढलेली होती. या काचेची एक बाजू खरखरीत असते, प्रतिमा तिच्यावरच उमटते. मी बाहेरून बोट फिरवलं आणि रेघ बोटावर आली. पेन्सिल उमटते ती खरखरीत बाजूवर, गुळगुळीत काचेवर नाही. ती बाजू लेन्सकडे हवी, इथं ती माझ्याकडे होती. मूळ काच कधीतरी फुटली असावी आणि बदलणाऱ्यानं नवी काच उलटी बसवली असावी.

जाडी मोजायला व्हर्नियर कॅलिपर लावला. काच २ मिमी. म्हणजे प्रतिमा मी २ मिमी मागे पाहत होतो. काचेतून जाताना प्रतिमा जाडीच्या एक तृतीयांशानं मागे सरकते, तेवढी सूट धरली तरी १.३ मिमी उरतात. त्यातले ०.३ शीथनं फिल्म मागे नेऊन भरून काढले होते. ज्याच्यावर आळ आला तोच चूक कमी करत होता. मुलाला कागदावर आकृती काढून दाखवली. तो इंजिनीअर, त्याला लगेच पटलं. माझे कित्येक गिऱ्हाईक आकृती बघून "बरं बरं" म्हणतात आणि पैसे कमी करायला सांगतात.

चार पितळी पट्ट्या सैल करून काच उलटली, इतकीच दुरुस्ती. दुसऱ्या दिवशी त्याच खिडकीत, त्याच ५.६ वर पुन्हा फोटो घेतला. नथ कडक आली, पापणीचे केससुद्धा. तांबडा रंग या फिल्मला दिसत नाही, त्यामुळं कुंकू काळंकुळकुळीत उमटलं आणि त्वचेवरची प्रत्येक रेघ खोल झाली.

दोन्ही प्रिंट आजींपुढे ठेवले. त्यांनी दुसरा उचलून लांब धरला, मग जवळ.

"ही कोण म्हातारी?" म्हणाल्या. "भाऊ, तो पहिलाच बरा होता."

दिवाणखान्यात पहिलाच लागलाय. बिल मी दुसऱ्याचं लावलं.