किमतीच्या स्टिकरांचा संग्रह: अवर प्राइस, झॅव्ही आणि एचएमव्हीची नवी पानं

मंडळी, मागच्या नोंदीनंतर काम बरंच पुढे सरकलंय. इथे इंग्लंडात हिवाळा सरत आला की लोक माळे रिकामे करतात आणि चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे दान आलेला जुना माल विकणाऱ्या दुकानांत, सीडी-डीव्हीडींची खोकी येऊन पडतात. लेस्टर आणि आसपासच्या गावांतली ही दुकानं शनिवारी पालथी घालणं चालूच आहे. नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगतो: मी गाणी जमवतोच, पण ती ज्या दुकानांतून विकली गेली त्यांचे किमतीचे स्टिकर, पिशव्या आणि पावत्याही जपतो. गावच्या मुख्य बाजाररस्त्यावरची ही रेकॉर्डची दुकानं कशी बसत गेली, याचा इतका नेमका पुरावा मला दुसरीकडे कुठे मिळालेला नाही.

या खेपेची मोठी कमाई अवर प्राइसची. १९७१ साली लंडनमध्ये सुरू झालेली रेकॉर्ड-दुकानांची ही साखळी भरात असताना तीनशेवर दुकानांची होती. दुकानं लहान, पण मध्यम गावांतही पोचलेली, म्हणून त्यांचा माल अजूनही सगळीकडे सापडतो. १९८६ मध्ये पुस्तकं-वर्तमानपत्रं विकणाऱ्या डब्ल्यू. एच. स्मिथने ती विकत घेतली, पुढे ती व्हर्जिनकडे गेली आणि २००४ मध्ये नाव कायमचं उतरलं. आता वेगवेगळ्या काळातले स्टिकर शेजारी-शेजारी लावता आलेत. नव्वदच्या दशकातल्या एका सीडीवर १३.९९ पौंड आहेत. त्या काळी तो सर्रास भाव होता. सीडी महाग आहेत अशी ओरड इतकी वाढली की १९९३ मध्ये जेरल्ड कॉफमन यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने चौकशी केली आणि भाव अवाजवी असल्याचं म्हटलं. पुढच्याच वर्षी मक्तेदारी आयोगाने मात्र कंपन्यांना मोकळं सोडलं. भाव तसेच राहिले आणि गिऱ्हाइकाच्या मनातली अढीही तशीच राहिली. फुकट डाउनलोड सुरू झाल्यावर लोक इतक्या झटपट तिकडे का वळले, याचं अर्धं उत्तर मला या १३.९९ मध्ये दिसतं.

त्याच्या पुढच्या पानावर एचएमव्हीच्या दुकानांचे 'दोन सीडी दहा पौंडांना' वाले स्टिकर आहेत. लक्षात घ्या, ब्रिटनमध्ये अल्बमची विक्री शिखरावर पोचली ती २००४ साली, सोळा कोटींच्या वर. म्हणजे अवर प्राइस बुडालं त्याच वर्षी. माल तुफान खपत होता, पण खपत होता सुपरमार्केटात. टेस्को आणि आस्डा फक्त चालू हिट अल्बम ठेवायचे आणि तेही पडत्या भावात, कारण माणूस आत आला की दूध-पावही घेऊन जाणार. रेकॉर्डच्या दुकानाचं भाडं त्याच हिट अल्बमवर निघायचं. त्या जोरावर जुना, सावकाश खपणारा माल फळीवर टिकायचा. जॅझ, लोकसंगीत, कुणी वर्षातून एकदा मागेल अशी सिंफनी, हे सगळं फळीवरून गेलं ते असं.

झॅव्हीचं पान अजून अपुरं आहे, पण मला सगळ्यात जास्त तेच आवडतं. सप्टेंबर २००७ मध्ये व्हर्जिन मेगास्टोअर्स तिथल्याच व्यवस्थापकांनी विकत घेतली आणि नाव ठेवलं झॅव्ही. शंभरावर दुकानं होती, पण फेब्रुवारी २००९ पर्यंत सगळी बंद झाली. दीड वर्षही पुरं झालं नाही. त्यामुळे हे स्टिकर मुळातच कमी. या वेळी व्हर्जिनच्या स्टिकरवर चिकटवलेला झॅव्हीचा स्टिकर मिळाला. एकाच डबीवर दोन दुकानं, आणि खाली चॅरिटी शॉपचा ९९ पेन्सवाला. तिन्ही तसेच ठेवलेत.

झॅव्ही बुडण्याचं कारण आपल्यासारख्यांनी नीट समजून घ्यायला हवं, कारण 'इंटरनेटने मारलं' एवढ्यावर विषय संपवला जातो. त्यांचा माल यायचा एंटरटेनमेंट यूके या घाऊक पुरवठादाराकडून, आणि तो होता गावोगावी किरकोळ दुकानं असलेल्या वुलवर्थ्स या साखळीच्या मालकीचा. नोव्हेंबर २००८ च्या अखेरीस वुलवर्थ्स कोसळलं आणि त्यासोबत हा पुरवठादारही. ऐन नाताळात झॅव्हीच्या फळ्या भरायच्या कशा? २४ डिसेंबरला कंपनी प्रशासकांच्या, म्हणजे बुडत्या कंपनीचा कारभार बघायला नेमलेल्या लोकांच्या, हाती गेली. वुलवर्थ्सची आठशेवर दुकानं जानेवारी २००९ च्या पहिल्या आठवड्यापर्यंत संपली. ज्या लहान गावांत दुसरं रेकॉर्डचं दुकानच नव्हतं, तिथल्या पोरांची पहिली सिंगल वुलवर्थ्समधूनच यायची.

संग्रहात एक पान मुद्दाम कोरं आहे. इंग्लिश खाडीतल्या जर्सी-गर्न्सी बेटांवरून टपालाने येणाऱ्या सीडींवर दुकानाचा स्टिकरच नसायचा. बाहेरून येणाऱ्या १८ पौंडांपर्यंतच्या पार्सलवर व्हॅट माफ होता, म्हणून मोठमोठे विक्रेते तिथून माल पाठवायचे. एचएमव्हीनेही ऑनलाइन विक्रीसाठी गर्न्सीचीच वाट धरली होती. नाक्यावरचा स्वतंत्र दुकानदार मात्र पुरा कर भरत होता. ही सवलत १ एप्रिल २०१२ ला बंद झाली, तोवर त्यातले कित्येक उठले होते. मला या सगळ्या कहाणीत याचाच सर्वाधिक राग येतो. गिऱ्हाइकाची आवड बदलली तर दुकानदार काहीतरी करू शकतो, करातल्या फटीपुढे तो काय करणार? त्या पानावर आता बेटांच्या टपालाचा शिक्का असलेलं पुठ्ठ्याचं पाकीट लावतोय.

थोडं तंत्राबद्दल. सीडीच्या डब्या अदलाबदल होतात, त्यामुळे डबीवरच्या स्टिकरवरून ती तबकडी त्याच दुकानातली होती असं ठरवू नका. इथल्या अनेक दुकानांत चोरीच्या भीतीने फळीवर रिकाम्या डब्या असायच्या आणि तबकड्या काउंटरमागे पाकिटांत. एलपीच्या पुठ्ठ्यावरचा स्टिकर त्या मानाने भरवशाचा. डबीत पावती सापडली तर आधी स्कॅन करा, कारण तो कागद उजेडाने पांढरा पडतो. आणि कळकळीने सांगतो, हेअर ड्रायर लावून स्टिकर सोलू नका. वरून पारदर्शक पॉलिप्रॉपिलीनची पिशवी घाला, काम भागतं.

डीव्हीडींचं फार काही नाही. ब्लॉकबस्टरच्या भाड्याने दिलेल्या प्रती मुबलक मिळतात. ती साखळी जानेवारी २०१३ मध्ये एचएमव्हीपाठोपाठ एका दिवसाने प्रशासकांकडे गेली आणि डिसेंबरपर्यंत बंदच झाली.

एचएमव्ही मात्र तगलं. आपल्याकडे एचएमव्ही म्हणजे रेकॉर्डवरचा कुत्रा. कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात ज्या कंपनीने आपल्या नाट्यगीतांच्या तबकड्या काढल्या, तिच्याच मूळ ब्रिटिश कंपनीने लंडनच्या ३६३ ऑक्सफर्ड स्ट्रीटवर २० जुलै १९२१ ला दुकान उघडलं, संगीतकार एडवर्ड एल्गार यांच्या हस्ते. २०१३ मध्ये पहिल्यांदा आणि २०१८ च्या डिसेंबरात दुसऱ्यांदा एचएमव्ही बुडता बुडता राहिलं. २०१९ मध्ये कॅनडातल्या सनराइज रेकॉर्ड्सच्या डग पटमन यांनी ते घेतलं. त्या वर्षी बंद झालेलं ऑक्सफर्ड स्ट्रीटचं दुकान नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच जागी पुन्हा उघडलं. आता तिथे टी-शर्ट, खेळणी आणि एलपींवर भर आहे. २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये ६७ लाख एलपी विकल्या गेल्या.

पण आजच्या एलपीवरचा स्टिकर लागतो वरच्या प्लास्टिक वेष्टनाला, आणि ते वेष्टन फाडून थेट कचऱ्यात जातं. म्हणजे १९९५ चे स्टिकर मिळतील आणि गेल्या वर्षीचे मिळणार नाहीत! नवी एलपी घेतली की उघड्या बाजूच्या कडेने ब्लेड फिरवा आणि वेष्टन कव्हरवर तसंच राहू द्या. ते ताणलेलं असेल आणि पुठ्ठा वाकत असेल, तर स्टिकरचा चौकोन कापून आतल्या पाकिटात ठेवा, मागे तारीख आणि गावाचं नाव लिहून.

पुढच्या महिन्यात फॉप या आणखी एका रेकॉर्ड-दुकानांच्या साखळीचं पान सुरू करतोय. तुमच्यापैकी कुणाकडे मुंबईच्या ऱ्हिदम हाउसची पिशवी किंवा पावती असेल, तर तिचा फोटो पाठवा. काळा घोड्याचं ते दुकान १९४८ पासून २०१६ पर्यंत चाललं, आणि त्याची एकही खूण माझ्याकडे नाही. बदल्यात अवर प्राइसचे जास्तीचे स्टिकर देईन, डबीसकट.