मशीनला पांढरं दिसत नाही

उत्तरायण, म्हणजे आमच्याकडची पतंगांची संक्रांत, संपून थोडेच दिवस झाले होते, दुपारची वेळ, बेडरूमचे पडदे ओढले आणि ते केस काढायचं लाइटवालं मशीन घेऊन बसले. आयपीएल म्हणतात त्याला. घरातले पुरुष दरवेळी "आज कोणाची मॅच?" विचारून तोच जोक मारतात आणि दरवेळी स्वतःच हसतात. तर मशीन मनगटाच्या वर टेकवलं, बटण दाबलं, आणि काहीच नाही. बारका दिवा नुसता लुकलुकतोय. जरा सरकवलं, परत तेच. वैतागून दंडावर नेलं, ब्लाउजची बाही संपते तिथे, तर फट्‌कन फ्लॅश उडाला. परत खाली आणलं, नाही म्हणजे नाही. मग मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याखालची जी गोरी चिंचोळी पट्टी राहिलेली असते ना, तिथे कसाबसा अँगल साधून टेकवलं तर तिथे उडाला! एकाच हातात मशीनला दोन बायका दिसत होत्या.

कारण उघड आहे, चौदा आणि पंधरा दोन्ही दिवस मी धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, फिरकी धरून उभी होते. पतंग मला येत नाही, लहानपणापासून माझ्याकडे फिरकीच. बडोद्यात दुसऱ्या दिवसाचं वासी उत्तरायणसुद्धा तेवढंच जोरात असतं, ऊंधियू-जलेबी वर धाब्यावरच येते, खाली कोण जातंय, आणि सनस्क्रीन लावलेलं दहा वाजेपर्यंत घामाबरोबर वाहून जातं. हात असे रापतात की होळीपर्यंत उतरत नाहीत.

मुलीनं मला आधीच समजावलं होतं, तीच घेऊन आली ना हे मशीन. की यातला उजेड काळ्या रंगाला पकडतो. केसातला जो काळा रंग आहे तो उजेड पितो, तापतो, आणि ती ऊब खाली मुळापर्यंत जाते. आजूबाजूची कातडी फिकी असली की तिला फारसं काही होत नाही. ही आयडिया रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश अशा बॉस्टनच्या दोन डॉक्टरांनी 1983 मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडली, की उजेड नीट निवडला आणि अगदी क्षणभरच सोडला तर हवं तेवढंच तापवता येतं, बाकीच्याला धक्का नाही. पण कातडीच रापलेली असेल तर तीच उजेड पिणार आणि भाजणार. म्हणून मशीन आधी कातडीचा रंग बघतं आणि जास्त काळा वाटला तर उडायलाच नकार देतं. बरोबरच आहे त्याचं, तरी राग येतोच. आपल्याच पैशाचं मशीन आपल्याला रंगावरून नापास करतंय.

खोक्यात एक चार्ट पण येतो, सहा चौकटी, दुधासारख्या गोऱ्यापासून गडद काळ्यापर्यंत, आणि शेवटच्या चौकटीवर फुली. ते प्रकार म्हणे हार्वर्डच्या फिट्झपॅट्रिक नावाच्या डॉक्टरनं 1975 मध्ये पाडले, उन्हात कोण भाजतं आणि कोण रापतं त्यावरून, तेव्हा गोऱ्यांचे चारच होते, गडद रंगांचे दोन मागून जोडले. आमच्याकडे वधू पाहिजेच्या जाहिरातीत गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी हे कधीचंच चालू होतं आणि कोणी उन्हात उभं करून बघितलेलं नव्हतं. मी जाहिरातीत गव्हाळ होते. चार्टवर जानेवारीत एका चौकटीत, ऑगस्टमध्ये दुसऱ्याच.

बरं यात आधी रेझर फिरवावा लागतो, हे मला पचायला सगळ्यात जड गेलं. आमच्या घरात रेझर म्हणजे पाप. "रेझर लावलास तर राठ येतील, पुरुषासारखे," हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता रेझर खरेदी करताना दुकानात मागे वळून बघते. येत नाहीत राठ. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून हाताला तसं लागतं एवढंच. आणि वॅक्स किंवा थ्रेडिंग करून चालत नाही, कारण मूळच उपटून टाकलं तर उजेडानं तापवायचं कोणाला. शिवाय एकावेळी सगळे केस वाढीला नसतात, जे वाढत असतात तेच सापडतात, बाकीचे आपापल्या वेळेने येतात, म्हणून दर दोनेक आठवड्यांनी परत, परत, परत. नवरात्र चार दिवसांवर आलं की जाग्या होणाऱ्यांचं हे काम नाही. त्यांनी आपलं पार्लरच गाठावं, जिथे त्या आठवड्यात बॅकलेस चोळीवाल्या पोरी रांगेत पाठी घेऊन बसलेल्या असतात आणि वॅक्स लावणाऱ्या मुलीला पाणी प्यायला फुरसत नसते.

आणि हे कायमचं जातं असंही कोणी लिहून देत नाही. अमेरिकेची एफडीएसुद्धा कायमचे कमी होतात एवढंच म्हणू देते, कायमचे गेले असं नाही. आमच्या आजीचा मात्र कायमच्यावर पूर्ण विश्वास होता. दांडिया बाजारच्या घरी धाकट्या चुलतभावाला न्हाऊ घालायला बाई यायची, ती पाटावर पाय पसरून बसायची, पोर तिच्या पायांवर पालथं, आणि डाळीच्या पिठाचा तेल-हळद घालून मळलेला गोळा पाठीवरून, खांद्यांवरून, कपाळावरून फिरवायची. गोल गोल, मग खालून वर. पोर ठणाणा रडतंय. गोळा हळूहळू मळका व्हायचा आणि बाई तो उजेडात धरून आम्हाला दाखवायची, बारीक बारीक लव चिकटलेली असायची त्यात. आजी समाधानानं मान हलवायची. "आत्ता निघाली तर निघाली, मग जन्मभर राहते." बाळाची ती लव आपोआपच झडते, गोळा फिरवा नाहीतर नका फिरवू. पण बाईला लुगडं मिळायचं. आणि तो भाऊ आज अस्वल आहे, टीशर्टच्या गळ्यातून बाहेर येतात, त्याला गोळ्याचं काही विचारायला गेलं तर चिडतो.

तर फ्लॅश. या मशीनमध्ये जो दिवा असतो तो झेनॉनचा, कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये असतो त्याच जातीचा. (जगातला पहिला लेझर मेमननं 1960 मध्ये पेटवला तोसुद्धा असल्याच फ्लॅशच्या दिव्यानं, स्प्रिंगसारखा वळवलेला. पण आयपीएल लेझर नाही, सरसकट उजेड आहे, लोक उगाच लेझर म्हणतात.) म्हणून असेल, तो उडला की मला रावपुऱ्यातला फोटो स्टुडिओ आठवतो.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. आत्याचा दाखवायचा फोटो काढायचा होता आणि आजीनं मला सोबतीला पाठवलं होतं, म्हणजे पहाऱ्याला. आत्या स्टुलावर तिरकी बसली, मोठी छत्री, फट्‌, आत्याचे डोळे मिटले. परत. परत मिटले. शेवटी एक जमला. दोन दिवसांनी आणायला गेलो तर फोटोवाले काका अजून त्यावरच बसलेले, तिरक्या काचेच्या डेस्कवर निगेटिव्ह ठेवून, खाली आरसा, सुईसारखं टोक केलेली पेन्सिल हातात. मला त्यांनी वाकून बघू दिलं. निगेटिव्हमध्ये आत्याचा चेहरा काळा, डोक्यावरचे केस पांढरेशुभ्र, आणि वरच्या ओठावर पांढऱ्या बारीक रेघा. मी घाबरलेच, म्हातारी दिसत होती ती. ते त्या पांढऱ्या रेघांवर पेन्सिलीनं टिंब टिंब करत होते. निगेटिव्हवर काळं केलं की कागदावर गोरं येतं. आत्या दाराशीच उभी होती, रस्त्याकडे बघत. "बेन, एकदम चोख्खुं करी आपीश," काका म्हणाले. आत्या काही बोलली नाही, कानामागे मात्र लाल झाली.

फोटो सुंदर आला. लग्न त्याच फोटोवर जमलं. आणि मग आतोबांना आयुष्यभराचा जोक मिळाला. दर दिवाळीला, पंगत बसली की, "आम्हाला दाखवली ती मुलगी अजून आलीच नाही हो तुमच्याकडून." आत्या म्हणायची, "तुमच्या फोटोत तरी डोक्यावर केस होते ते कुठे आहेत?" सगळे हसायचे. आम्ही पोरं पण.

तिनं सगळं करून बघितलं होतं. साखर-लिंबाचं वॅक्स, ते नेहमी जास्त कडक व्हायचं आणि घरभर चिक्कीचा वास. ब्लीच, जे लावलं की शिंका. थ्रेडिंगवाली घरी यायची, दोरा दातात धरून. राजा रविवर्म्याची चित्रं बघायला आम्ही राजवाड्याच्या म्युझियममध्ये जायचो तेव्हा ती अगदी जवळ जाऊन बघायची आणि म्हणायची, बघ, एकीच्या पण हातावर लव नाही. मीही बघितलं, मला पण नाही दिसली. बडोद्याच्या महाराजांसाठी रंगवलेल्या बायका, त्यांचं सगळं ब्रशनंच होत असणार.

हनुवटीचं मला आता कळतंय. चाळिशी उलटली की येतो एक, राठ, एकटाच, आणि घरच्या आरशात कधीच दिसत नाही. काला घोडा सर्कलला सिग्नलवर अॅक्टिव्हाच्या आरशात दिसतो, उन्हात, लख्ख, आणि चिमटा घरी. मग पूर्ण दिवस बोट तिकडेच जातं. तिथे मी मशीन लावत नाही, एक तर चेहऱ्यावर काही जणींना उलटे जास्तच येतात म्हणतात, हार्मोन्सची भानगड असेल तर विशेष, डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. आणि दुसरं म्हणजे माझ्या हनुवटीवरचे आता पांढरे व्हायला लागलेत. पांढऱ्याला काही होत नाही. काळं काही नाहीच तर उजेड पकडणार काय. मशीनच्या लेखी तिथे केसच नाही.

आत्याला शेवटची दोन-तीन वर्षं पॅरालिसिस होता. उजवा हात गेला, बोलणं थोडं राहिलं. माझ्याकडे मशीन आल्याचं तिला कुठूनसं कळलं होतं, भेटायला गेले तेव्हा डाव्या हातानं हनुवटी दाखवून विचारलं, होतील का गं माझे त्याने? पांढरे होते सगळे. मी म्हटलं नाही होत गं, पांढऱ्यावर नाही चालत. "मग काय कामाचं," म्हणाली. आणि कोणी भेटायला आलं की ती मान भिंतीकडे फिरवायची, लोकांना वाटायचं ओळखत नाही आता. ओळखायची सगळ्यांना.

चिमट्यानं काढायचे आतोबा. खिडकीशी तिची खुर्ची ओढून, चष्मा कपाळावर सरकवून, कारण जवळचं त्यांना चष्म्याशिवायच बरं दिसायचं, आणि तसंही पांढऱ्यावर पांढरं दिसायचं नाहीच. मग अंगठा फिरवून शोधायचे. सापडला की म्हणायचे, "हलू नकोस." फोटोचा जोक त्यांनी त्यानंतर केलेला मला आठवत नाही. दिवाळी दोनदा तरी झाली, पण नाही केला.

मुलीला मी सांगून ठेवलंय. म्हटलं बाकी काय करायचं ते करा, डॉक्टर म्हणतील तसं, पण मी आडवी पडले तर माझी हनुवटी बघत जा, आठवड्यातून एकदा, उजेडात. वचन दे. हो म्हणाली. पण असलं जेवताना नको सांगत जाऊस असंही म्हणाली.