८८ वर गेलेला काटा

आमच्या बाबांनी एसटीत अठ्ठावीस वर्षं गाडी चालवली, सातारा डेपो, एकही अपघात नाही, त्याबद्दल शाल-श्रीफळ मिळाल्याचा फोटो अजून हॉलमध्ये आहे. आणि त्यांच्याच पोरीला अमेरिकेत हायवेवर पोलिसांनी पकडलं, तेही ते शेजारच्या सीटवर बसलेले असताना. झाली ती गोष्ट सांगतेच.

ऑक्टोबर २०२३. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेले, पानांचे रंग बघायचे म्हणून शनिवारी व्हर्जिनियातल्या नॅचरल ब्रिजला गेलो होतो आणि संध्याकाळी आय-८१ या हायवेवरून घरी परत येत होतो. व्हर्जिनियात राहणाऱ्यांना हा रस्ता माहीतच असेल, डोंगराच्या कडेकडेने जातो आणि ट्रक इतके की दोन ट्रकांच्या मध्ये अडकलं की पुढचं काही दिसत नाही. तशाच एका ट्रकला मागे टाकायला मी उजवा पाय दाबला, त्यात रस्ता उताराचा होता, आणि मागच्या सीटवर आई चिवड्याचा डबा उघडत होती. बाबा दोनदा म्हणाले, "पोरी, काटा बघ." आता आमच्या गाडीत काटा नाहीच, नुसते आकडे आहेत, पण बाबांसाठी तो काटाच. मी हो हो म्हटलं आणि बघितलं नाही.

आरशात पोलिसांच्या गाडीचे निळे दिवे दिसले तेव्हा पहिल्यांदा वाटलं दुसऱ्या कुणासाठी असतील. मी बाजूला झाले तर तोही माझ्यामागे बाजूला झाला, मग पोटात गोळा आला.

इथे एक गोष्ट नीट वाचा, कारण आपल्याकडच्या सवयी इथे घात करतात. आपल्याकडे मामांनी हात केला की आपण गाडी लावतो, उतरतो, कागद घेऊन त्यांच्याकडे चालत जातो, "साहेब, जरा घाई होती" वगैरे. इथे गाडीतून उतरायचंच नाही. काच खाली, दोन्ही हात स्टीअरिंगवर, दिसतील असे, आणि डॅशबोर्डचा कप्पा उघडायचा तर आधी सांगून उघडायचा. बाबांनी दरवाज्याच्या हँडलला हात घातलेला, मी इतक्या जोरात "बाबा, बसा!" म्हणून ओरडले की आयुष्यात कधी त्यांच्यावर ओरडले नव्हते. ट्रूपर, म्हणजे राज्याचा हायवे पोलीस, बाबांच्या बाजूच्या खिडकीशी आला (ट्रक जात असतात ना, म्हणून), रुंद काठाची टोपी, अतिशय नम्र. मागून आई हळूच म्हणते, "अगं, पन्नास डॉलर देऊन मिटव की." मराठीत बोलली म्हणून वाचलो, नाहीतर लाच देऊ केल्याचा वेगळा गुन्हा अंगावर घेतला असता.

त्याने सांगितलं ताशी ८८ मैल. लिमिट ७०. मी मनातल्या मनात हिशोब केला, अठरा वर, म्हणजे तिकीट, दीड-दोनशे डॉलर, ऑनलाइन भरले की विषय संपला. तो कागद घेऊन परत आला आणि म्हणाला सही करा, सही म्हणजे गुन्हा कबूल नाही, फक्त तारखेला कोर्टात येईन असं वचन. कोर्टात? स्पीडिंगसाठी??

कागदावर लिहिलं होतं रेकलेस ड्रायव्हिंग, म्हणजे बेदरकारपणे गाडी चालवणं.

व्हर्जिनियाचा कायदा असा आहे: लिमिटच्या वर २० मैल किंवा त्याहून जास्त गेलात, किंवा लिमिट काहीही असो, ८५ च्या वर गेलात, की ते नुसतं स्पीडिंग राहत नाही. तो क्लास वन मिसडिमीनर होतो, म्हणजे फौजदारी गुन्हा. जास्तीत जास्त बारा महिने जेल, २,५०० डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत लायसन्स सस्पेंड, आणि डीएमव्हीच्या (म्हणजे इथल्या आरटीओच्या) रेकॉर्डवर ११ वर्षं. म्हणजे ७० च्या रस्त्यावर ८५ ला तुम्ही घाईत असलेला माणूस आणि ८६ ला गुन्हेगार. जुलै २०२० च्या आधी तर ही रेघ ८० ला होती. पहिल्याच वेळी ८८ साठी कुणी सहसा जेलमध्ये टाकत नाही, पण रात्री अडीच वाजता गूगल करणाऱ्या बाईला हे पटवून दाखवा. त्यात मी व्हिसावर. व्हिसाच्या फॉर्मवर अटक किंवा शिक्षा झाली आहे का असा सरळ प्रश्न असतो, पुढे ग्रीन कार्डच्या फॉर्मवरही असे प्रश्न येतातच.

चौथ्या दिवसापासून टपालपेटी भरायला लागली. वकिलांची पत्रं! कोर्टाच्या नोंदी सगळ्यांना खुल्या असतात, त्यातून नाव-पत्ता काढून पाठवतात. एका आठवड्यात अकरा पत्रं आली, काहींवर लाल अक्षरात जेल असं छापलेलं, आणि आमचा पोस्टमन ती हातात देताना माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतोय असं मला उगीच वाटायचं.

त्या अकरांतलाच एक वकील केला, ९०० डॉलर. त्याने दोन कामं लावली. एक, डीएमव्हीचा आठ तासांचा ड्रायव्हिंगचा क्लास आधीच करून टाका, जजने सांगायची वाट बघू नका. दुसरं, गॅरेजमध्ये जाऊन स्पीडोमीटर तपासून सर्टिफिकेट आणा. गाडी रोलरवर चढवून चाकं फिरवतात आणि खरा वेग किती नि गाडी दाखवते किती ते लिहून देतात. माझी गाडी तीन मैल कमी दाखवत होती. म्हणजे मी ८८ ला होते तेव्हा समोर ८५ दिसत असणार. बाबा म्हणाले, "दिसत असणार कशाला, तू बघितलंच कुठं?"

डिसेंबरमध्ये तारीख. बाबा हट्टाने आले, सफारी सूट घालून. आमच्या त्या कोर्टात मोबाइल चालत नाही, गाडीत ठेवून जायचा. तारखेवर तारीख वगैरे काही नाही, सकाळच्या दोन तासांत चाळीसेक केस निकालात निघाल्या. माझं नाव आलं तर तोच ट्रूपर शेजारी उभा, त्याने रडारची माहिती सांगितली, आणि मी सहकार्य केलं हेही सांगितलं, जे त्याला सांगायची काही गरज नव्हती. वकिलाने सर्टिफिकेट दिलं. जजने कागद बघितले आणि गुन्हा कमी करून इम्प्रॉपर ड्रायव्हिंग केला, म्हणजे फौजदारी नाही, लायसन्सवर दोषाचे तीन पॉइंट, २०० डॉलर दंड, वर कोर्टाचा खर्च. सगळं मिळून चार मिनिटंसुद्धा नाही. मित्रमंडळींनी नंतर रडार डिटेक्टर, म्हणजे पोलिसांचं रडार आलं की सांगणारं यंत्र, घे असा सल्ला दिला, तर तो वापरणंही व्हर्जिनियात बेकायदेशीर आहे, म्हणजे घ्या अजून एक.

बाहेर आल्यावर बाबांनी सगळ्याचे रुपये केले, वकील, दंड, क्लास, गॅरेज धरून लाखाच्या वर. काही बोलले नाहीत. इन्शुरन्स वाढायचा अजून बाकी होता ते मी त्यांना सांगितलंच नाही.

परत येताना क्रूझ कंट्रोल (गाडी आपोआप एकाच वेगात ठेवणारं बटण) ६५ ला लावला. सगळे ट्रक आम्हाला मागे टाकून जात होते, एकाने तर हॉर्नही मारला. बाबांनी सीट जरा मागे केली, पाय लांब केले आणि म्हणाले, "हां, आता कसं एसटीत बसल्यासारखं वाटतंय."