फोर्ट स्टिकिनचं मॉडेल बनवताना – माझा अनुभव

१४ एप्रिल १९४४ चा मुंबई गोदीतला स्फोट, फोर्ट स्टिकिन नावाच्या मालवाहू जहाजावर झालेला, आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, आजोबा तेव्हा मस्जिद बंदरला गोदामात कामाला होते. पण सांगायचे ते सगळं स्फोटाचं, धुराचं, पळापळीचं, जहाजाबद्दल कोणी कधी बोललंच नाही. म्हणून मागच्या वर्षी ठरवलं की फोर्ट स्टिकिनचं मॉडेल करायचं, स्फोटाआधीचं, धडधाकट.

तयार किट काही मिळालं नाही. पण हे जहाज एकटं नव्हतंच, युद्धात कॅनडात याच नमुन्याची ढीगभर जहाजं बांधली होती, हे १९४२ ला प्रिन्स रुपर्टच्या यार्डात झालं, त्यामुळे याच नमुन्याच्या दुसऱ्या ‘फोर्ट’ नावाच्या जहाजांचे फोटो आणि ड्रॉइंग चालून गेले. लांबी सुमारे ४४१ फूट, म्हणजे १:२०० ला ६७ सेंमी, टेबलावर बसतं. पहिला हल, म्हणजे जहाजाचा सांगाडा-कवच, कार्डशीटचा केला आणि जुलैत दमट हवेने त्याला असा बाक आला की सगळा फेकावा लागला, मग आत प्लायच्या फासळ्या घालून पुन्हा सुरुवात. कोणी करणार असाल तर आधीच प्लाय घ्या.

सगळ्यात वेळ खाल्ला रिवेटनी, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांनी. अमेरिकेची त्याच युद्धातली लिबर्टी नावाची मालवाहू जहाजं वेल्डिंगची, ही मात्र रिवेट मारून जोडलेली, मग सुईने कागदाला मागून टोचून एकेक ठिपका उठवायचा, रात्री दोन-दोन तास, आणि ते करताना सारखं मनात यायचं की तिथे कोणीतरी लालबुंद रिवेट एकेक करून ठोकलाय आणि दोन वर्षांत सगळं गेलं.

दोन नंबरचा होल्ड, म्हणजे माल ठेवायचा कप्पा, मी बाजूने कापून उघडा ठेवलाय. खाली कराचीला भरलेला कापूस, वरच्या मजल्यावर स्फोटकं. जुन्या उशीतला कापूस दोऱ्याने आवळून नखाएवढ्या गासड्या केल्या, त्यावर स्फोटकं म्हणून लाल रंगवलेल्या काड्यापेटीच्या काड्या. हाताने रचताना पहिल्यांदा नीट कळलं. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला, बंबवाल्यांनी शेकडो टन पाणी ओतलं आणि पेटलेल्या गासड्या त्या पाण्यावर तरंगत वर, स्फोटकांच्या जवळ गेल्या. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट. अग्निशमन दलाची ६६ माणसं गेली, विझवायला म्हणून आत शिरलेली. एवढ्याशा कापसाच्या वर एवढं सगळं कसं काय रचलं, याचा राग मला अजून येतो.

आईने गासड्या पाहिल्या आणि म्हणाली, बाबा (म्हणजे माझे आजोबा) कापसाच्या गोदामातच होते.

हे मला माहीतच नव्हतं! आता फक्त डेरिकचे, म्हणजे माल उचलायच्या यारीचे, दोरे ओढायचे राहिलेत, काळा शिलाईचा धागा जाड दिसतो, त्यापेक्षा बारीक कुठे मिळेल ते कोणाला माहीत असेल तर सांगा.